मॉर्फिनला घाबरतात, ट्रामाडोल मात्र खिशात! अफूच्या जातकुळीतली दुखण्याची औषधं काम कशी करतात

तोंडाचा, घशाचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झालेला पेशंट मोठ्या दवाखान्यातून घरी येतो, तेव्हा त्याच्या पिशवीत बऱ्याचदा मॉर्फिनच्या गोळ्यांचं पाकीट असतं. घरातलं कुणीतरी मोबाईलवर ते नाव टाकून बघतं, 'अफू' हा शब्द दिसतो आणि पाकीट देवळीत जाऊन बसतं. "म्हाताऱ्याला नशा लागेल", "ही शेवटची गोळी असते" असं शेजारीपाजारीही सांगतात. पेशंट मग रात्र रात्र कण्हत राहतो. त्याच गल्लीत दुसऱ्या एखाद्या घरात कंबर धरली म्हणून मेडिकलमधून आणलेली ट्रामाडोलची पट्टी महिनोन् महिने चालू असते, आणि तिच्याबद्दल कुणाला काही वाटत नाही. ही दोन्ही औषधं एकाच जातकुळीतली आहेत. भीती मात्र उलट्या बाजूला गेली आहे.

या जातकुळीला डॉक्टर लोक 'ओपिऑइड' म्हणतात. मॉर्फिन, कोडीन, ट्रामाडोल, फेंटानिल, मेथाडोन, पेंटाझोसिन ही त्यातली आपल्याकडे वापरली जाणारी नावं. मॉर्फिन आणि कोडीन थेट अफूत सापडतात. ट्रामाडोल, फेंटानिल, मेथाडोन ही कारखान्यात बनवलेली, पण शरीरात त्याच जागी जाऊन बसणारी.

खसखशीचंच झाड

दिवाळीच्या अनारशावर लावतात ती खसखस आणि अफू एकाच झाडाची. हिरव्या बोंडाला चिरा दिल्या की जो चीक बाहेर येतो तो वाळून अफू होते, आणि बोंड वाळल्यावर आत जे बी मिळतं ती खसखस. बियांत नशेचा अंश फार थोडा असतो, म्हणून ती किराणा दुकानात मिळते. जर्मनीतल्या सेर्टुर्नर नावाच्या तरुण औषधविक्याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अफूतून मुख्य घटक वेगळा काढला आणि ग्रीक लोकांच्या स्वप्नांच्या देवावरून त्याला नाव दिलं. तेच मॉर्फिन.

भारतात अफूची शेती सरकारी परवान्याने होते, पण फक्त मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरलेल्या पट्ट्यांत. माल सरकारलाच द्यावा लागतो, आणि नीमच व गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत त्यावर प्रक्रिया होते. महाराष्ट्रात हा परवाना मिळत नाही. खसखशीचा भाव बघून कांद्याच्या, लसणाच्या वाफ्यात चार ओळी लावायचं कुणाच्या डोक्यात आलं, तर तो जेलचा रस्ता आहे, एवढं इथेच सांगितलेलं बरं.

दुखणं म्हणजे पाटाचं पाणी

औषध काम कसं करतं हे समजायचं तर आधी दुखणं कसं चालतं ते बघावं लागतं. शेतकऱ्याला हे दारं धरण्यावरून पटकन समजेल.

जखम झाली, हाडात गाठ वाढली, ऑपरेशनचा टाका पडला, की तिथे मोटार सुरू झाली असं समजा. तिथल्या नसा म्हणजे पाट. त्या पाटाने वेदनेचा संदेश मणक्यातल्या मज्जारज्जूपर्यंत येतो. तिथे पहिलं दारं असतं. ते उघडं असलं की संदेश वर मेंदूकडे जातो आणि मग माणसाला "दुखतंय" असं कळतं. संदेश वर पोचला नाही तर जखम असूनही दुखत नाही. ऊस तोडताना कोयता लागतो, रक्त येतं, पण माणसाला मोळी बांधून होईपर्यंत कळत नाही, हा अनुभव कित्येकांचा आहे. त्या वेळी शरीराने स्वतःच दारं बंद केलेलं असतं.

ते कसं? आपल्या मेंदूत आणि मज्जारज्जूत शरीर स्वतःची अफूसारखी द्रव्यं तयार करतं. त्यांना एंडॉर्फिन म्हणतात. नसांच्या पेशींवर त्यांच्यासाठी कुलपं बसवलेली असतात, डॉक्टर त्यांना रिसेप्टर म्हणतात. एंडॉर्फिनची किल्ली कुलपात बसली की ती नस शांत होते. ही कुलपं १९७३ साली शास्त्रज्ञांना सापडली आणि दोनच वर्षांत शरीराची स्वतःची किल्लीही सापडली. मॉर्फिनची किल्ली त्याच कुलपात बसते, आणि शरीराच्या किल्लीपेक्षा कितीतरी जास्त वेळ बसून राहते.

मज्जारज्जूतल्या दाऱ्याशी ही किल्ली दोन कामं करते. खालून येणाऱ्या नसेला ती पुढे रसायन सोडू देत नाही, आणि वर जाणाऱ्या नसेला थंड करते, म्हणजे थोडं पाणी आलंच तरी ती लगेच पेट घेत नाही. शिवाय मेंदूतही ही कुलपं आहेत. तिथे मॉर्फिन बसलं की मेंदू वरून खाली निरोप पाठवतो, "दारं अजून आवळा." त्यामुळे पेशंट पुष्कळदा सांगतात, "दुखतंय कळतं, पण आता सोसवतं, जेवण जातं, झोप लागते." दुखण्याचा त्रास कमी होतो तो असा.

यावरून दोन गोष्टी उघड होतात. पहिली, हे औषध मोटार बंद करत नाही. कॅन्सरची गाठ, मोडलेलं हाड, सरकलेली गादी जागच्या जागीच राहते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधं जखमेच्या जागीच सूज आणणारं रसायन कमी करतात, म्हणजे मोटारीचा जोर कमी करतात. म्हणूनच डॉक्टर पुष्कळदा दोन्ही तऱ्हेची औषधं एकत्र देतात. दुसरी गोष्ट, पाटच फुटला असेल, म्हणजे नसच दुखावली असेल, तर दारं लावून पूर्ण भागत नाही. नागीण होऊन गेल्यावरची आग, साखरेच्या आजारातल्या पायाच्या मुंग्या, अशा दुखण्यात ओपिऑइड कमी पडतात. तिथे गॅबापेंटिन, प्रिगॅबालिनसारखी वेगळी औषधं लागतात.

घड्याळ लावून घ्यायची गोळी

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कॅन्सरच्या दुखण्यासाठी तीन पायऱ्यांची शिडी सांगितली. कमी दुखत असेल तर पॅरासिटामॉलसारखी साधी औषधं, मधल्या दुखण्याला कोडीन किंवा ट्रामाडोल, जास्त दुखत असेल तर मॉर्फिन. आता पायऱ्या एकेक करूनच चढाव्यात असं नाही, दुखणं मोठं असेल तर डॉक्टर सरळ मॉर्फिनवर जातात. पण त्यातली एक गोष्ट तेव्हा होती तीच आजही आहे: औषध जमेल तोवर तोंडाने आणि घड्याळ लावून.

मॉर्फिनची साधी गोळी साधारण चार तास काम करते, म्हणून ती दर चार तासांनी लिहिलेली असते. बारा तासांची वेगळी गोळी असते. ती सावकाश विरघळण्यासाठीच बनवलेली असते. ती फोडायची, कुटायची किंवा चावायची नाही, नाहीतर बारा तासांचं औषध एकदम अंगात जातं. पेशंटला गोळी गिळता येत नसेल तर कुटण्याआधी डॉक्टरांना फोन करावा.

गावाकडे सगळ्यात जास्त चूक इथे होते. "आता बरं वाटतंय, कशाला द्यायची," म्हणून गोळी टाळतात. चार तासांनी दुखणं उसळतं, मग गोळी देतात, ती लागू व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि तेवढ्यात पेशंट बेजार होतो. पाणी सगळ्या वावरात पसरल्यावर दारं धरायला धावण्यातला प्रकार. वेळेवर दिलेली छोटी गोळी जे काम करते, ते उशिरा दिलेली मोठी गोळी करत नाही. मधेच दुखणं उसळलं तर घ्यायची जादा गोळी डॉक्टर वेगळी लिहून देतात. ती दिवसात किती वेळा लागली हे वहीत लिहून ठेवलं तर पुढच्या खेपेला डॉक्टरांना डोस ठरवायला फार सोपं जातं. मॉर्फिनला सगळ्यांसाठी एकच असा वरचा आकडा नाही. ज्याला जेवढं लागतं तेवढं, हळूहळू वाढवत. पण वाढवायचं ते डॉक्टरांनीच.

पहिले तीन-चार दिवस गुंगी येते, मळमळतं. घरचे इथेच घाबरून औषध बंद करतात. बहुतेकांची गुंगी काही दिवसांत उतरते, मळमळीला गोळी मिळते. कधी कधी पेशंट झोपून राहतो ते कित्येक रात्रींची झोप राहिलेली असते म्हणूनही.

न उतरणारा त्रास एकच, तो म्हणजे संडासला कडक होणं. आतड्यातही तीच कुलपं असतात, त्यामुळे आतड्याची हालचाल मंदावते, आणि शरीराला त्याची सवय होत नाही. म्हणून मॉर्फिन सुरू झालं त्याच दिवसापासून पोट साफ होण्याचं औषधही सुरू पाहिजे, त्रास झाल्यावर नव्हे. बिसॅकोडिल, सोनामुखीपासून बनवलेली औषधं किंवा लॅक्टुलोज अशी औषधं डॉक्टर देतात. इसबगोल मात्र इथे कामाचं नाही. अंथरुणावरचा, पाणी कमी पिणारा पेशंट असेल तर ते आतच साचून अजून घट्ट होतं. चार दिवस संडास नाही, पोट फुगलंय, उलट्या होताहेत, असं असेल तर घरगुती उपाय करत बसू नये.

किडनीचा आजार असलेल्यांनी आधीच सांगावं. मॉर्फिनचे शरीरात जे पुढचे पदार्थ बनतात ते किडनीवाटे बाहेर जातात. किडनी मंद असेल तर ते साचतात आणि गुंगी, झटके वाढतात. अशा पेशंटला डोस कमी करतात किंवा फेंटानिलसारखं दुसरं औषध देतात. फेंटानिलचा चिकटपट्टा कातडीवर लावतात, तो तीन दिवस चालतो. त्यावर शेक द्यायचा नाही, ऊबदार पिशवी ठेवायची नाही. उष्णतेने औषध एकदम अंगात शिरतं. पट्टा कापून अर्धा लावायचा नाही.

सवय म्हणजे व्यसन का?

घरच्यांना खरी भीती याचीच असते, आणि इथे तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते.

काही आठवडे मॉर्फिन घेतलं की शरीर त्याला सरावतं आणि तेवढ्याच परिणामाला कधी थोडा जास्त डोस लागतो. हा झाला सराव. दुसरी गोष्ट, औषध एकदम बंद केलं तर अंग मोडून येणं, नाक-डोळे वाहणं, जुलाब, घाम, तळमळ होते. हे शरीराचं अवलंबून राहणं. ते नियमित घेणाऱ्या जवळपास कुणालाही होऊ शकतं, म्हणून बंद करायचं तर डॉक्टर पायरी पायरीने उतरवतात. या दोन्हींना व्यसन म्हणत नाहीत. व्यसन तिसरं. दुखणं नसताना औषधाची ओढ, त्यासाठी खोटं बोलणं, पैसे उचलणं, नुकसान दिसत असूनही थांबता न येणं.

कॅन्सरच्या दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली मॉर्फिन घेणाऱ्यांत असं व्यसन कमी दिसतं. ज्यांना आधीपासून दारूचं किंवा दुसरं व्यसन आहे त्यांच्यावर जास्त लक्ष ठेवावं लागतं, पण म्हणून त्यांनी वेदना सोसत पडावं असं नाही. आणि मॉर्फिनने मरण लवकर येतं हाही समज चुकीचा. योग्य डोसमध्ये दिलं तर ते आयुष्य कमी करतं असं दिसलेलं नाही. ते शेवटच्या दिवसांत दिलं जातं म्हणून लोकांनी त्याची मरणाशी गाठ घातली. दुखणं मोठं असेल तर आजार कुठल्याही टप्प्यावर असताना ते देता येतं.

कंबरदुखीची पट्टी

आता दुसरं घर. ट्रामाडोल हे मॉर्फिनपेक्षा सौम्य, पण ते त्याच कुलपात बसतं आणि शिवाय मेंदूतली आणखी दोन रसायनंही वाढवतं. दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या वर ते देत नाहीत. जास्त झालं तर, आणि काहींना नेहमीच्या डोसमध्येही, फिट येऊ शकते. आधी फिट येत असेल, उदासीची गोळी चालू असेल, तर धोका अजून वाढतो. केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये ट्रामाडोल अमली पदार्थ कायद्याखाली आणलं. चिठ्ठीशिवाय ते द्यायचं नाही असा नियम आहे. नियम कुठे किती पाळला जातो हे गावागावात लोकांना ठाऊक आहे.

बाजारात ट्रामाडोल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेल्या गोळ्या सर्रास चालतात. माणूस दुखण्याला ती घेतो, अंग तापलं म्हणून वरून साधी पॅरासिटामॉल घेतो, आणि दोन्हींतलं पॅरासिटामॉल मिळून लिव्हरवर येतं. पट्टीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, मोबाईलने फोटो काढून मोठं करून वाचता येतं.

मुळात साध्या कंबरदुखीला या औषधांचा फायदा किती? ऑस्ट्रेलियात अचानक कंबर किंवा मान धरलेल्या लोकांवर एक चाचणी झाली. अर्ध्यांना ओपिऑइड गोळी आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी दिली. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांच्या दुखण्यात मोठा फरक दिसला नाही. हा निकाल २०२३ साली लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आला. जुनाट गुडघेदुखी-कंबरदुखीत महिनोन् महिने ही गोळी घेण्याचा फायदा थोडा आणि सवयीचा धोका खरा. कमरेचे व्यायाम, वजन कमी करणं, ओझं उचलायची पद्धत बदलणं याला वेळ लागतो आणि पाठीवर पंप घेऊन फवारणी करणाऱ्याला ते ऐकायला सोपं वाटत नाही, हेही खरं. तरी गोळी चालू होऊन दोन आठवड्यांवर गेली असेल तर डॉक्टरला दाखवलंच पाहिजे. बंद करायची तर तीही एकदम नाही. सुटत नसेल तर व्यसनमुक्तीचा १४४४६ हा सरकारी फुकट नंबर आहे.

अमेरिकेत हीच चूक फार मोठ्या प्रमाणावर झाली. १९९६ पासून तिथल्या एका कंपनीने ऑक्सिकोडोनची गोळी साध्या दुखण्यालाही सुरक्षित म्हणून खपवली. कंपनीने पुढे २००७ आणि २०२० मध्ये कोर्टात गुन्हा कबूल केला. पण तोवर लोक गोळीवरून हेरॉइनवर आणि चोरट्या फेंटानिलवर गेले होते. २०२१ या एका वर्षात तिथे ओपिऑइडमुळे ८० हजारांच्या आसपास माणसं गेली.

धोका कुठे असतो

मेंदूच्या खालच्या भागात श्वास चालू ठेवणारं केंद्र आहे. तिथेही हीच कुलपं. डोस एकदम जास्त झाला की श्वास मंदावतो. हळूहळू वाढवलेल्या डोसमध्ये श्वासकेंद्रही सरावतं, म्हणून देखरेखीतल्या पेशंटला ही वेळ सहसा येत नाही. येते ती एकाची गोळी दुसऱ्याने घेतली तर, दारू किंवा झोपेच्या गोळीबरोबर घेतली तर, किंवा पोराने गोळी तोंडात टाकली तर. बारा वर्षांखालच्या मुलांना कोडीन आणि ट्रामाडोल देणं टाळतात, म्हणून मोठ्यांचं खोकल्याचं औषध चमचाभर पोरालाही, असं करू नये.

हाका मारूनही जागं न होणं, मिनिटाला आठ-दहापेक्षा कमी श्वास, टाचणीच्या डोक्याएवढी बुबुळं, निळसर ओठ अशी लक्षणं दिसली तर पेशंटला कुशीवर वळवावं, १०८ ला फोन करावा आणि गोळ्यांची पट्टी सोबत न्यावी. दवाखान्यात नॅलॉक्सोनचं इंजेक्शन असतं. ते कुलपातली किल्ली बाहेर ढकलतं. मात्र ते थोडा वेळच टिकतं, म्हणून शुद्धीवर आला की लगेच घरी आणायचं नाही.

मिळते कुठे

१९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात शिक्षा इतक्या कडक होत्या आणि परवाने इतके, की दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. पुढच्या दहा-बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा औषधी वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. अफू आपल्याच देशात पिकते, परदेशात जाते, आणि आपला पेशंट तळमळतो, अशी गत. केरळातल्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर २०१४ मध्ये कायदा बदलला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं 'अत्यावश्यक' म्हणून वेगळी काढली, आणि दवाखान्याला अनेक खात्यांऐवजी एकाच खात्याची मान्यता पुरेशी झाली.

तरी तालुक्याच्या मेडिकलमध्ये मॉर्फिन सहसा मिळत नाही. ते मान्यताप्राप्त दवाखान्यातून मिळतं. टाटा मेमोरियलसारखी कॅन्सरची मोठी रुग्णालयं, मेडिकल कॉलेजं आणि पॅलिएटिव्ह केअर कक्ष सुरू असलेली जिल्हा रुग्णालयं इथे चौकशी करावी. गोळी स्वस्त आहे, महाग पडते ती खेप. म्हणून घरी सोडतानाच डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: गोळ्या किती दिवसांच्या दिल्या, पुढच्या गोळ्या जवळात जवळ कुठे मिळतील, आणि पेशंटला न आणता नातेवाइकाला चिठ्ठी व ओळखपत्रावर त्या मिळतील का. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी निघावं.

घरात पाकीट कुलपात ठेवावं आणि गोळ्या मोजून ठेवाव्यात. पेशंट गेल्यावर उरलेल्या गोळ्या दुसऱ्या कुणाच्या दुखण्याला देऊ नयेत, उकिरड्यावरही टाकू नयेत. जिथून आणल्या त्या दवाखान्यात परत द्याव्यात. वापरलेल्या पट्ट्यातही औषध उरलेलं असतं. तो चिकट बाजू आत दुमडून पोरांच्या आणि जनावरांच्या तोंडी लागणार नाही असा ठेवावा आणि गोळ्यांबरोबरच परत करावा.